नववी-दहावीच्या मुलांचा आरोग्य आराखडा : तो कोणी लिहायचा आणि त्यात काय असावे?

शेवंती

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की नववी-दहावीच्या पालकांकडून एक मागणी हमखास येते : "मॅडम, त्याच्यासाठी एक चांगले वेळापत्रक करून द्या, आम्ही ते भिंतीवर लावतो." मी एका माध्यमिक शाळेत समुपदेशक आहे. झोप, आहार, हालचाल आणि मनःस्वास्थ्य यांचा एकत्रित विचार करून प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा आरोग्य आराखडा तयार करावा, असा उपक्रम आमच्याकडे चालतो. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि त्यावर येथील पालक, शिक्षक व डॉक्टर यांचे म्हणणे वाचायला आवडेल. आराखडा मुलाने स्वतःच्या हाताने लिहावा आणि तो पाळता येईल अशी घराची घडी पालकांनी बसवावी. पुष्कळ घरांत याच्या उलट घडते. आराखडा पालक लिहितात, घर आहे तसेच राहते आणि महिन्याभरात तो मोडला की खापर मुलावर फुटते.

पहिले दोन आठवडे आम्ही कोणताही सल्ला देत नाही. विद्यार्थी केवळ नोंद ठेवतात : किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी काय खाल्ले, घाम येईल अशी हालचाल किती वेळ झाली, मोबाइल शेवटचा केव्हा खाली ठेवला आणि दिवस कसा गेला. या नोंदींना गुण नसतात आणि त्यांच्यावर लाल शाई चालवली जात नाही. नोंद खरी हवी असेल तर तिच्यामुळे ओरडा बसणार नाही, ही खात्री मुलाला आधी मिळावी लागते. दोन आठवड्यांची पाने समोर ठेवल्यावर बहुतेकांना आपली अडचण स्वतःलाच दिसते. कोणाला कळते की उपाशीपोटी शाळेत आलेल्या दिवशीच डोके दुखते, तर कोणाच्या लक्षात येते की आठवड्यातले चार दिवस आपण वाहन आणि बाक यांच्यापलीकडे हललोच नाही.

मग प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची, फार तर दोन. ती निवडताना "रोज व्यायाम करीन" असे मोघम वाक्य आम्ही चालवून घेत नाही. केव्हा, कोठे, कशानंतर आणि अडथळा आला तर काय, हे त्या वाक्यात आले पाहिजे. उदाहरणार्थ, "संध्याकाळी क्लासवरून आल्यावर दप्तर ठेवले की लगेच अंगणात वीस मिनिटे दोरीच्या उड्या मारीन, आणि पाऊस असेल तर घरातच बारा सूर्यनमस्कार घालीन." असे वाक्य लिहिताना मुलाला आपला दिवस डोळ्यांसमोर आणावा लागतो, आणि आराखड्याचे निम्मे काम तेथेच होते.

कोठून सुरुवात करावी असे कोणी विचारले तर मी झोप म्हणेन. 13 ते 18 या वयात दररोज 8 ते 10 तास झोप हवी. वयात येताना शरीराचे घड्याळ साधारण तास-दोन तास पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे दहाला अंथरुणावर पडलेल्या मुलाला खरोखरच झोप येत नाही. घरातली माणसे त्याला आळशी म्हणतात, पण तो आळस नसतो. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असे ठरवले, ते योग्यच झाले. मात्र ज्यांचे शरीर सकाळी सर्वांत उशिरा जागे होते ती नववी ते बारावीची मुले अजूनही सातच्या वर्गाला धावत असतात. हे लगेच बदलणार नसेल, तर जे आपल्या हातात आहे त्याकडे पाहावे. सकाळी डोळ्यांवर लवकर ऊन पडू द्यावे, दुपारी चारनंतर चहा-कॉफी नसावी, सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ तास-दीड तासापेक्षा अधिक पुढे जाऊ नये आणि रात्री मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लागावा. हा शेवटचा नियम घरातील सर्वांना सारखाच लागू हवा. वडील अंथरुणात मोबाइल पाहत असताना मुलाचा मोबाइल काढून घेतला, तर त्या आराखड्यावरचा त्याचा विश्वास त्याच रात्री संपतो.

यासाठी आम्ही आराखड्याला "पालकांचे पान" जोडतो. रात्रीचे जेवण किती वाजता होईल, बिस्किटे आणि शीतपेये घरात किती येतील, रविवारी कोण मुलासोबत चालायला जाईल, हे पालकांनी त्यावर लिहून सही करायची असते. मुलांच्या पानापेक्षा हे पान भरून यायला जास्त वेळ लागतो.

एक पथ्य आम्ही कटाक्षाने पाळतो. "वजन इतके किलो कमी करणे" हे उद्दिष्ट कोणत्याही आराखड्यात लिहिले जात नाही.

कृष्णाकाठ

शेवंतीताई, लेख मनापासून पटला, पण प्रत्यक्षातली अडचण मांडतो. माझा मुलगा अकरावीत विज्ञान शाखेला आहे. सकाळी सातला महाविद्यालय, त्यासाठी साडेपाचला उठणे, संध्याकाळी सहा ते नऊ क्लास, घरी येईपर्यंत साडेनऊ, जेवण दहाला आणि त्यानंतर गृहपाठ. या गणितात आठ तास झोप कोठून आणावी? क्लास बंद करण्याची आमची तयारी नाही, आणि स्पर्धा परीक्षेमुळे त्याचीही नाही.

शेवंती

कृष्णाकाठ, तुमच्या वेळापत्रकात झोपेचे सर्वांत मोठे नुकसान रात्री दहाच्या जेवणाने होते आहे, कारण भरपेट जेवल्यावर लगेच झोप लागत नाही आणि गृहपाठही त्यानंतरच सुरू होतो. जेवणाचा मुख्य भाग क्लासला जाण्यापूर्वी, साडेपाचच्या सुमारास होऊ शकेल का? त्या वेळी पोळी किंवा भाकरी, भाजी आणि उसळ असे खरे जेवण द्यावे आणि परतल्यावर केवळ ताक-भात किंवा दूध. या बदलाने क्लासबाहेरचे वडापाव आणि वेफर्सही आपोआप कमी होतात. गृहपाठातला जमेल तेवढा भाग महाविद्यालयातून आल्यावर, दुपारी जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटे डुलकी काढून मग करावा. ही डुलकी अर्ध्या तासापलीकडे किंवा चारच्या पुढे गेली तर रात्रीची झोप लांबते. अंघोळ, गणवेश, दप्तर हे सगळे रात्रीच उरकले तर सकाळचा अर्धा तास वाचतो. एवढे करूनही साडेसात तासांच्या आसपासच पोहोचता येईल, हे मला मान्य आहे. तरीही सहा तासांवरून साडेसातवर येणे हा मोठा फरक आहे, कारण दिवसभरात जे शिकले ते स्मृतीत पक्के बसण्याचे बरेच काम झोपेतच होते. मुलाला हेच कारण सांगा. "तब्येतीसाठी झोप" यापेक्षा "अभ्यास लक्षात राहण्यासाठी झोप" हे त्याला अधिक जवळचे वाटेल आणि ते खरेही आहे.

रानजाई

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून वैद्यकीय बाजूने काही भर घालते.

आराखड्याच्या आरंभी एकदा उंची, वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांची नोंद असावी, परंतु ती डॉक्टरांच्या खोलीत व्हावी. वर्गात सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे करू नये. 18 वर्षांपर्यंत मोठ्यांचे बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या निर्देशांकाचे) आकडे लावणेही चूक आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये 5 ते 18 वर्षांसाठी काढलेले वाढीचे तक्ते वापरावेत. एखाद्या दिवशीच्या आकड्यापेक्षा मुलाची रेषा दोन-तीन वर्षांत कशी सरकली, यावरून आम्हाला अधिक समजते.

रक्तक्षयाचा (ॲनिमियाचा) प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 19 वयाच्या 59.1 टक्के मुलींना आणि 31.1 टक्के मुलग्यांना रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गात मागच्या बाकावर पेंगणारी, जिना चढताना धापा टाकणारी, "हिचे अभ्यासात लक्ष नाही" असा शेरा मिळालेली मुलगी प्रत्यक्षात लोहाच्या कमतरतेने थकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. 12 वर्षांपुढील मुलींमध्ये आणि 12 ते 14 वयाच्या मुलग्यांमध्ये हिमोग्लोबिन दर 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅमपेक्षा कमी, तर 15 वर्षांपुढील मुलग्यांमध्ये 13 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार 13 ते 15 वयाच्या मुलींना दिवसाला 30 मिलिग्रॅम आणि मुलग्यांना 22 मिलिग्रॅम लोह हवे. केवळ पोळी-बटाटा आणि वरणभातावर ते भागत नाही. बाजरी, मटकी, चवळी, मेथी, अळीव आणि खाणाऱ्यांसाठी मटण-मासे हे सारे आठवड्यात फिरते ठेवावे. उसळीवर लिंबू पिळले किंवा जेवणासोबत पेरू, आवळा असला तर वनस्पतींमधील लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेतला तर ते कमी शोषले जाते. म्हणून चहा जेवणापासून किमान तासभर दूर असावा. आराखड्यात लिहायला हे वाक्य उत्तम आहे, कारण त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

मुलींच्या आराखड्यात पाळीची तारीख लिहिण्याची सवय अवश्य असावी. पहिली एक-दोन वर्षे चक्र 21 ते 45 दिवसांत कमी-जास्त होणे सामान्य आहे. तीन महिने पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला किंवा दुखण्यामुळे शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांकडे यावे. "लग्न झाल्यावर आपोआप सुरळीत होईल" असे सांगून मुलींना घरी बसवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मानेची किंवा काखेची त्वचा काळसर, मखमलीसारखी जाड दिसू लागली, तर घासून घासून अंघोळ घालण्याऐवजी तपासणी करावी. वाढलेल्या इन्सुलिन-प्रतिरोधाचे, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचे, ते लक्षण असू शकते आणि टाइप 2 मधुमेह आता या वयातही दिसतो. 10 आणि 16 व्या वर्षीची टीडीची (धनुर्वात व घटसर्पाविरुद्धची) लस बहुतेक घरांत विसरली जाते, तिचीही नोंद करावी.

पायवाट

रानजाईताईंच्या मुद्द्याला धरून लिहिते. मी ग्रामीण भागात आरोग्यसेविका आहे. 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात 10 ते 19 वयाच्या मुलामुलींना शाळेतून आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. शिवाय वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी दिली जाते. पुष्कळ मुली निळी गोळी घरी नेऊन फेकून देतात, कारण ती उपाशीपोटी घेतल्याने मळमळ होते आणि शौच काळसर झाल्याने त्या घाबरतात. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते आणि शौचाचा रंग बदलणे निरुपद्रवी आहे, एवढी दोन वाक्ये आधी सांगितली तर गोळी पोटात जाते. मग "सोमवारी दुपारच्या जेवणानंतर शाळेतच निळी गोळी घेईन" ही ओळ आराखड्यात सहज बसते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून सुरू आहे आणि आपल्या राज्यात त्याअंतर्गत सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिके चालतात. वयात येतानाचे बदल, व्यसन, ताण, नातेसंबंध यांविषयी मुलांना तेथे मोकळेपणाने बोलता येते. शिक्षकांनी मुलांना ही जागा एकदा प्रत्यक्ष नेऊन दाखवावी.

उंबरठा

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. सहा महिन्यांपासून ती रात्रीचे जेवण टाळते, "डाएट" म्हणते, जेवलीच तर लगेच खोलीत जाऊन उड्या मारते. ती जाड मुळीच नाही. नातेवाईक मात्र "बारीक झालीस, छान दिसतेस" असे कौतुक करतात. हा लेख वाचून वाटले की तिला आराखडा लिहायला बसवावे. ते योग्य होईल का?

शेवंती

उंबरठा, तुमच्या मुलीसाठी आत्ता आराखडा नको. जेवण टाळणे, खाल्ल्याची भरपाई म्हणून व्यायाम करणे आणि हे सहा महिने चालणे, यांची आधी तपासणी व्हायला हवी. नोंदवही हाती दिली तर ती घास आणि उड्या मोजण्याचे आणखी एक साधन होईल. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांकडे जा. तिच्या पाळीत खंड पडला आहे का, चक्कर येते का, केस गळतात का, थंडी जास्त वाजते का, हे त्यांना आवर्जून सांगा. घरात तिच्या दिसण्याविषयी, वजनाविषयी आणि ताटाविषयी कोणीही, कौतुकानेसुद्धा, बोलू नये, हे नातेवाइकांना तुम्हीच स्पष्ट सांगा. रात्रीचे जेवण शक्य तितके एकत्र व्हावे आणि त्या वेळी बोलणे दुसऱ्या विषयांवर असावे.

रानजाई

शेवंतीताईंशी पूर्ण सहमत आहे. उंबरठा, थांबू नका. अशा मुलींच्या रक्ताच्या तपासण्या कधी कधी सर्वसामान्य येतात आणि पालक निश्चिंत होतात; म्हणून नाडीचे ठोके, बसून व उभे राहून मोजलेला रक्तदाब आणि वाढीचा तक्ता तपासायला सांगा, आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्लाही सोबतच घ्या. हा आजार आहे आणि लवकर उपचार सुरू झाले तर मुली बऱ्या होतात.

लाल_माती

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार 5 ते 17 वयात दररोज सरासरी किमान 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम हवा. कबड्डी, खो-खो, दोरीच्या उड्या, मल्लखांब, जोर-बैठका यांतून हे सारे साधते. सायकलने शाळेत येणाऱ्या मुलाची निम्मी गरज रस्त्यातच भागते. माझा आग्रह एवढाच आहे की दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणिताला देऊ नये.

आता मुलग्यांविषयी, कारण त्यांच्याबद्दल कमी बोलले जाते. अकरावीतली मुले व्यायामशाळेत जाऊ लागली की महिन्याभरात प्रथिनांच्या पावडरीचा डबा मागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार 13 ते 15 वयाच्या मुलग्याला दिवसाला सुमारे 45 ग्रॅम आणि 16-17 व्या वर्षी सुमारे 55 ग्रॅम प्रथिने पुरतात. मी मुलांना फळ्यावर हिशोब करायला लावतो : दोन अंडी 12, वाटीभर घट्ट वरण 7, मूठभर शेंगदाणे 7, पेलाभर दूध 6, तीन ज्वारीच्या भाकरी 15, म्हणजे 47 झालेच. उसळीची वाटी किंवा दही वाढवले की 55 पूर्ण होतात. स्वतः बेरीज केलेला मुलगा डब्याचा हट्ट सोडतो. "लवकर शरीर कमावण्याची" इंजेक्शने किंवा गोळ्या कोणी देऊ केल्या तर मात्र पालकांनी तेथून मुलाला तात्काळ काढावे. त्यांत स्टेरॉइड असू शकते आणि त्यामुळे वाढणाऱ्या हाडांची टोके वेळेआधी बंद होऊन उंची कायमची थांबू शकते. ऊर्जापेयांच्या बाटलीवरही ती मुलांसाठी शिफारस केलेली नाहीत असे छापलेले असते, ते मुलांकडूनच वाचून घ्यावे.

नदीपल्याड

नमस्कार. मी सतरा वर्षांचा आहे आणि हा धागा आईने वाचायला दिला. सर्वांनी मुलांच्या भल्याचेच लिहिले आहे, तरी एक विनंती करावीशी वाटते. शेवंतीताई, तुम्ही नोंदवहीत "दिवस कसा गेला" हे लिहायला सांगता. ती वही घरी कोणीही उघडून वाचत असेल, तर आम्ही तेथे "चांगला" असेच लिहिणार. माझ्या एका मित्राने खरे लिहिले होते. त्याच्या घरी ते सर्व नातेवाइकांमध्ये चर्चिले गेले आणि त्यानंतर त्याने कोणालाच काही सांगितले नाही. आम्हाला मदत हवी असते, पण कोणाला किती सांगायचे हे आम्हाला ठरवू द्यावे. आणि एखादा दिवस आराखडा चुकला तर त्या दिवशी त्याविषयी काहीही बोलू नये. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच पुन्हा सुरू करतो, पण टोमणा ऐकला की तेही नकोसे होते.

शेवंती

नदीपल्याड, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. वहीचे दोन भाग असावेत : झोप, जेवण, हालचाल यांची पाने घरात दाखवता येतील अशी, आणि मनाचे पान केवळ लिहिणाऱ्याचे. ते पान पालकांनी उघडायचे नाही, हे पालकांच्या पानावर पहिल्या ओळीत लिहून त्याखाली सही घेता येईल. यंदापासून मी तसे करणार आहे.

मनाच्या पानावर एकच गोष्ट ठळक लिहून ठेवावी : "फार बिघडले तर मी कोणाशी बोलेन", आणि त्याखाली किमान दोन मोठ्या माणसांची नावे. ती नावे आई-वडिलांचीच असावीत असे नाही. मामा, आत्या, एखादे शिक्षक कोणीही चालेल. सोबत 'टेलि-मानस'चा 14416 हा क्रमांक लिहावा. ही शासनाची विनामूल्य सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर वाट न पाहता बोलावे, आणि जगू नये असा विचार एकदा जरी आला तरी त्याच दिवशी बोलावे. तुमच्या मित्रालाही हे अवश्य सांगा.

पायवाट

तंबाखू आणि गुटख्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून थोडक्यात. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे आणि 2019 पासून देशात ई-सिगारेटला, तरीही दोन्ही मुलांपर्यंत पोहोचतात. पहिली पुडी बहुधा मित्राच्या हातून येते. त्या क्षणी काय बोलायचे ते वाक्य मुलाने आधीच स्वतःच्या भाषेत ठरवून आराखड्यात लिहावे आणि मोठ्याने म्हणून पाहावे. "मला सामना खेळायचा आहे, नको" हे एका मुलाचे वाक्य होते आणि ते त्याला उपयोगी पडले.

कृष्णाकाठ

ताई, मुलाशी बोललो. साडेपाचच्या जेवणाला तो तयार आहे आणि पत्नीने व मी स्वयंपाकाची वेळ वाटून घेतली आहे. आणखी एक विचारतो : आराखड्याचा आढावा केव्हा घ्यावा? आणि बारावीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हे सर्व कसे टिकवावे?

शेवंती

पहिला आढावा दोन आठवड्यांनी घ्यावा आणि त्यात मुलाला दोनच प्रश्न विचारावेत : काय जमले, आणि जे जमले नाही त्यात अडचण नेमकी कशाची आली. अडचण वेळेची असेल तर वाक्य बदलावे, घराची असेल तर पालकांचे पान बदलावे. त्यानंतर सहामाही परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा पुन्हा बसावे. एक सवय अंगवळणी पडली असेल तरच दुसरी घ्यावी. परीक्षेच्या महिन्यांत नवे काहीही सुरू करू नये. तेव्हा आराखडा तीन ओळींचा करावा : झोपण्याची वेळ पेपराच्या आदल्या रात्रीही तीच, घराबाहेर पडण्यापूर्वी पोटात काहीतरी सकस, आणि संध्याकाळी वीस मिनिटे चालणे, तेही मोबाइल घरी ठेवून. नोंदवही त्या काळात बंद राहिली तरी चालेल.